हुसेनचाचांच्या हातातला पलिता

बुलढाणा, चैत्र वद्य पंचमी, दिवेलागण

फोटो दाखवायलाच नको होता. कशाला दाखवला? कौतुक हवं होतं, दुसरं काय!

परवा संध्याकाळी घाटावरून वणव्याच्या धुराचं आभाळ टिपलं. डोळ्यांना लालभडक दिसलेलं कॅमेऱ्याच्या काचेवर नुसतं करडं आलं. स्पष्ट उमटले ते आमच्या वस्तीची गुरं राखणारे हुसेनचाचा, आणि त्यांच्या हातातला पेटता पलिता.

वणवा वस्तीकडे येऊ नये म्हणून ते वाटेतलं गवत आधीच जाळून टाकत होते. इथे सगळेच तसं करतात. मला ठाऊक होतं. पण फोटो बघून रेंजरसाहेब म्हणाले, "वा मास्तर, वणवा लावणारा सापडला!" आणि मी हसलो. साहेबांसमोर हसलो!

आज दुपारी चाचांना धरून नेलं. मला पाहून म्हणाले, "मास्तर, तुमी तं होते तथी. सांगा ना साहेबाले, म्या काऊन पेटवलं ते."

मला सरकारी शाळेतली नोकरी आठवली. मान खाली घातली.

आत्ता ती काच कंदिलासमोर धरून बसलोय. काचेवर सगळं उलटं असतं, उजेडाचं काळं आणि काळ्याचा उजेड. तिच्यात पलिता काळा दिसतो, विझल्यासारखा. कागदावर छापून तो मीच पेटवला.