काकांच्या गिटारचा खड्डा

२ नोव्हेंबर, रविवार
सकाळी मित्रा, माझी लहानपणची मैत्रीण, खापरखेड्याहून स्कूटीवर आली. पायाशी चादरीत गुंडाळलेली गिटार. तिच्या बाबांची, देवाजी काकांची! तीस तारखेला काका पंच्याहत्तरचे होतात, त्याच्या आत वाजती करून द्यायची. आठ-नऊ वर्षं माळ्यावर पडून होती. कलकत्त्याची, सत्तरच्या दशकातली. खापरखेड्याच्या आमच्या कॉलनीतली भीमगीतं असोत की गणपती, काका हीच घेऊन बसायचे. आयुष्यात पहिली इलेक्ट्रिक गिटार ऐकली ती हीच.
मित्रा म्हणाली, "बाबाले काही नको विचारजो वं विशू. सरप्राइज हाये."
विचारायचं काय त्यात? पाच दिवस नागपुरात मिहानच्या ऑफिसात स्क्रीन, शनि-रवि जुन्या गिटारी दुरुस्त करायच्या. ही माझी सहावी. हात बसलाय आता.

५ नोव्हें., बुध
ऑफिसातून आल्यावर उघडली. अरे देवा. लोखंडी गेटला देतात तो निळा ऑइलपेंट, सगळ्या अंगभर. पुढे चक्क घराच्या बेलचं बटण, दाबलं की आवाज बंद. आणि नेकच्या, म्हणजे गिटारच्या दांड्याच्या, मागे, अंगठा टेकतो तिथे, कोणीतरी खड्डा घासून ठेवलाय. पेरभर लांब. कुठल्या अडाण्याचं काम कोण जाणे. काकांनी नक्की कुठल्या तरी भोंदू कारागिराकडे दिली असणार.
जुन्या गिटारीवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले. सगळ्यांचं एकच, नेक मूळची नसेल तर गिटारही मूळची नाही. बरोबरच आहे. ओरिजिनल ते ओरिजिनल.

९ नोव्हें., रवि
खड्डा उजेडात धरून पाहिला. कानशीचे ओरखडे नाहीत. आतून गुळगुळीत, काळपट, जुन्या लाटण्याच्या मुठीसारखा. माझा अंगठा ठेवून पाहिला. बसत नाही.
मित्राला फोन करावा असं वाटलं. मग सरप्राइज आठवलं. मग चहा केला.
दुपारी भरून टाकला. तसल्याच लाकडाचा तुकडा, वर पुट्टी, मग पॉलिश पेपर. संध्याकाळी खड्डा कुठे होता ते मलाही सापडेना. जाम खूश.

१६ नोव्हें., रवि
बटण काढलं, भोक बुजवलं. काल-आज दोन्ही दिवस रंग उतरवण्यात गेले. निळ्याखालून काय निघालं! मधासारखा पिवळा, कडेला तपकिरी होत गेलेला. कंपनीतून आला तस्साच. प्रशांत म्हणाला, "नवऱ्याकडं बी एवढं निरखून पाहत जा कधी." म्हटलं, तू ओरिजिनल कुठे राहिलास.

२३ नोव्हें., रवि
झाली. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. ग्रुपने डोक्यावर घेतलं. पुण्याच्या एकाने लिहिलं, तुम्ही हिला माणसात आणलंत. ते वाक्य चार वेळा वाचलं. प्रशांतला वाचून दाखवलं ते वेगळंच.

३० नोव्हें., रवि
लिहिवत नाही. लिहिते.
खापरखेड्याला वीसेक माणसं. वडाभात झाला, केक झाला. मग मित्राने गिटार आणली. काकांनी ओळखलीच नाही आधी. मग हसले. "लय चमकवली वं पोरी. कोणाची हाये?" सगळे हसले. "तुमचीच त हाये बाबा," मित्रा म्हणाली.
मांडीवर घेतली. डावा हात नेकवर गेला, आणि अंगठा मागे काहीतरी शोधायला लागला. वर सरकला, खाली सरकला. घसरला. परत.
तेव्हा मला तो अंगठा दिसला. अर्धाच. काकांचं डाव्या अंगठ्याचं पेर लग्नाआधी गावाकडे कडबाकुट्टीत गेलेलं. मला हे माहीत नव्हतं असं नाही! लहानपणी काका आम्हा पोरांना ‘अंगठा गायब’ करून दाखवायचे, आम्ही किंचाळायचो. तीस वर्षं तो अंगठा माझ्या डोक्यात एक गंमत म्हणून पडून होता.
काकांनी दोन सूर धरले. तारा नुसत्या खुळखुळल्या. मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग सगळ्यांना म्हणाले, "हात नाही चालत गा आता. म्हातारा झालो."
त्यांना कळलं होतं. आणि मीही टाळ्या वाजवल्या सगळ्यांबरोबर.

१ डिसें., सोम
अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे आई मला शाळेपासून ऐकवते. वर पाच तारखेचं वाचलं. ‘अडाण्याचं काम.’ खोडणार नाही, राहू दे तसंच.
प्रशांतला सांगितलं. म्हणाला, "त्यांनीच सांभाळून घेतलं ना? मग तू काहून उकरून राहिली?"
सरप्राइज होतं म्हणून विचारलं नाही, हे खोटं आहे. नऊ तारखेला अंगठा ठेवून पाहिला तेव्हाच मला शंका आली होती. खड्डा कोणाच्या तरी हाताचा होता. मला ग्रुपवर टाकायला फोटो पाहिजे होता.

४ डिसें., गुरु
मित्राचा फोन. "बाबा तिले हातच नाही लावून राहिले. म्हणते, माहं झालं आता वाजवणं. तू एवढी मेहनत केली... तुह्या ग्रुपात कोणी घेईन का वं? आता त ओरिजिनल हाये."
विचारून सांगते म्हटलं. ‘विचारून सांगते!’ जीभ झडत कशी नाही माझी.

७ डिसें., रवि
मित्रा रविवारी सकाळी विहारात असते. ती वेळ साधून गेले. काका ओसरीत ऊन खात बसले होते. एका दमात सांगून टाकलं. रडणार नव्हते, रडले.
काका म्हणाले, "मले मालूम हाये. हात ठेवला तवाच समजलं."
खड्डा त्यांनीच केलेला. तुटका अंगठा पॉलिशवरून घसरायचा, म्हणून ड्युटीवरून आल्यावर रोज थोडं थोडं. "अंगठा ठेवाचा, पाहाचं, घासाचं, परत ठेवाचा. सहा महिने लागले. बायको म्हने, हा मानूस गिटार वाजवते का लाकूड खाते?" बटणही त्यांचंच. गाणं थांबलं की स्पीकर घूं घूं करायचा, म्हणून.
मी म्हटलं, परत करू. मी येते.
"सांधा आखडला बेटा आता. तवाची जागा येगळी, आताची येगळी. सापडली त सापडली." मग म्हणाले, "अन् मित्राले काही नको सांगजो. पोरीनं हौसेनं केलं."
‘हो’ किती लगेच म्हणाले मी. ते मित्रासाठी होतं की माझ्यासाठी, हे मला चांगलं माहीत आहे.

१४ डिसें., रवि
गेले. फक्त पॉलिश पेपर नेला, मशीन नाही. काकांनी अंगठा ठेवला, मी पेन्सिलीने खूण केली. घासलं, पुसलं. "थोडं वर." परत ठेवला. "नाही, खाली. नाही... थांब." दीड तासात जेमतेम बशीसारखा उथळ खळगा झाला. एकदा अंगठा टिकला. काकांनी एक सूर धरला आणि तो स्वच्छ वाजला. काका डोळे मिटून बसले.
आज मित्रा विहारातून लवकर आली. दारातच उभी. ओसरीभर भुसा, माझ्या हातात पॉलिश पेपर.
"हे काय करून राहिले तुम्ही?"
मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण काका आधी बोलले. "मीच बलावलं तिले. मले नेक अशी पाहिजे."
मग मित्रा त्यांच्यावर जी भडकली! "तिनं महिनाभर खपून ओरिजिनल केली, अन् तुम्ही पुन्हा खराब करून राहिले? तिले काय वाटन याचा इचार तरी केला का बाबा?" पंच्याहत्तर वर्षांचा माणूस मान खाली घालून ऐकत होता. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही त्यांनी, माझी अडचण होऊ नये म्हणून. आणि मी भुसा गोळा करत बसले, ओणवी, मित्राला तोंड दिसू नये अशी.
फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा मलाच सॉरी म्हणाली.
दुपारी घरी पोचले. आता दिवेलागण झाली. मित्राला अजून फोन केलेला नाही. खड्डा अर्धाच झालाय, म्हणजे पुढच्या रविवारी जावं तर लागणारच, आणि ती घरीच थांबणार आहे म्हणाली, बाबांवर लक्ष ठेवायला.