श्री. व सौ. स्टॉबर्ट यांच्या पहिल्या क्रमांकाबाबत

प्रति,
मा. निबंधक,
अपंगत्व भत्ता अपील न्यायाधिकरण,
पूर्व किनारा विभाग.

विषय : दि. ९ सप्टेंबरच्या सुनावणीतील निर्णयाची लेखी कारणे व सुनावणीचे ध्वनिमुद्रण मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले एक पानी निर्णयपत्र, दि. १२ सप्टेंबर.
२) सॉल्टरबर्न कबुतर क्लबचे निकालपत्रक, दि. २९ जून (भत्ता विभागाने दाखल केलेल्या कागदांपैकी पान ८७).

महोदया,

१. मी, विल्फ्रेड स्टॉबर्ट, वय ७१, राहणार ६, चॅपल रो, सॉल्टरबर्न. तेवीस वर्षे कोळशाच्या खाणीत होतो. खाण बंद झाली, पण तिची धूळ माझ्या छातीत राहायला आली ती अजून गेलेली नाही. निर्णयपत्र मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत लेखी कारणे मागता येतात, असे त्याच पत्राच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापले आहे. त्यानुसार हा अर्ज मुदतीत सादर करीत आहे.

२. निर्णयपत्रात माझ्याविषयी एकच वाक्य आहे. अर्जदार पन्नास मीटरपेक्षा जास्त आणि दोनशे मीटरपेक्षा कमी अंतर चालू शकतो, सबब गुण चार. हे अंतर कोणी, कोठे आणि कोणत्या दिवशी मोजले, याचा उल्लेख नाही. आमच्या गल्लीत ते शेजारीण श्रीमती डोरीन लम्सडन यांनी पडदे मोजायच्या फितीने मोजले आहे. माझ्या दारापासून दिव्याचा पहिला खांब बावीस मीटरवर आहे. तिथे मी खांबाला धरून उभा राहतो. दुसऱ्या खांबापाशी चॅपलची बुटकी भिंत आहे, तिच्यावर बसतो, आणि डोरीन घरून खुर्ची आणते. तिसरा खांब मी गेल्या हिवाळ्यापासून लांबूनच पाहतो. संध्याकाळी तो लागतो तेव्हा छान दिसतो.

३. गाडी राखायला चार गुण पुरत नाहीत, म्हणून भत्त्यावर मिळालेली माझी गाडी दि. ४ नोव्हेंबर रोजी परत नेण्यात येणार आहे. माझी पत्नी मेव्हिस सात मैलांवरील शुश्रूषागृहात आहे. रोज दुपारी दोन वाजता मी तिच्यापाशी असतो. बसचा थांबा चढावर, सातव्या खांबाच्याही पुढे आहे, आणि तिथून दोन बस बदलाव्या लागतात. गाडी गेली की मी तिच्यापर्यंत पोचणार नाही. बाकी पुढे जे काही लिहिले आहे ते सर्व या एका गोष्टीसाठी आहे.

४. आता पान ८७. त्यावर असे छापले आहे : "फ्रान्स ते सॉल्टरबर्न, पाचशे छत्तीस मैल. पहिला क्रमांक, श्री. व सौ. स्टॉबर्ट." सुनावणीत अध्यक्षबाईंनी हे पान वर धरले आणि हसून विचारले, "मिस्टर स्टॉबर्ट, यंदा तुम्ही पहिले आलात म्हणे?"

मी म्हणालो, "आलो की, बाईसाहेब."

महोदया, हे उत्तर मी नाकारत नाही. चाळीस वर्षे कबुतरे पाळलेल्या माणसाला हा प्रश्न कोणीही विचारला, तरी तो हेच उत्तर देईल. मग त्यांनी शर्यत जिंकलेल्या त्या निळ्या मादी कबुतराविषयी विचारले आणि मी सांगत सुटलो. समुद्रावरून वारा तोंडावर होता, बाकीची पाखरे किनाऱ्याला धरून वळसा घालून आली, ही मात्र सरळ आली. सांगताना मी तीनदा थांबलो. अध्यक्षबाईंना वाटले असावे की मी शब्द जुळवतो आहे. मी श्वास जुळवत होतो. पहिल्या दोन्ही वेळा त्यांनी डॉक्टर सदस्यांकडे पाहून मान हलवली, तिसऱ्यांदा वहीत काही लिहिले. काय लिहिले ते मला कळावे. ध्वनिमुद्रण मागण्याचे कारणही हेच. त्यात माझी छाती ऐकू येईल, निदान तिला तरी खोटे बोलता येत नाही.

बाहेर पडल्यावर डोरीन म्हणाली, "अरे म्हाताऱ्या, तुला चालता येतं का विचारत होते ते, आणि तू पाखरू उडवत बसलास."

त्याआधी, आत शिरताना, डॉक्टरसाहेबांनी कसे आहात विचारले होते आणि मी बरा आहे म्हणालो होतो. आमच्याकडे शवपेटीत ठेवलेला माणूस सोडून सगळे हेच म्हणतात. हेही निर्णयात धरले असल्यास तसे लिहून कळवावे.

५. वस्तुस्थिती अशी. आमच्या क्लबात पाखरू ज्याच्या खुराड्यात उतरते त्याच्या नावावर लागते, मग त्याला दाणा कोणीही घालो. खुराडे माझ्या परसात आहे, त्याला तीन पायऱ्या आहेत, आणि त्या मी चार वर्षांत चढलेलो नाही. साफसफाई, दाणापाणी, पेट्या क्लबवर पोचवणे हे सर्व डोरीन करते. ती पूर्वी बसवर वाहक होती. पाखरांनाही ती पुढे सरका, मागे जागा आहे, असेच ओरडते. त्या दिवशी मी परसात खुर्चीवर, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसलो होतो. मादी उतरली, फळीवर चालली, पायातल्या कडीने वेळ आपोआप नोंदवली गेली. मी हातदेखील उचलला नाही. उचलला होता, तो डोळे पुसायला.

६. विभागाचे म्हणणे असे की, ज्या अर्थी पहिला क्रमांक आला, त्या अर्थी अर्जदार धडधाकट आहे. तसे असेल तर त्याच ओळीतील "व सौ." या शब्दांकडे आपले लक्ष वेधतो. सौ. म्हणजे मेव्हिस. तीन वर्षांत ती पलंगावरून स्वतः उठलेली नाही. तिला घास भरवावा लागतो. तिला पूर्णतः अपंग ठरवणारे याच विभागाचे पत्र सोबत जोडले आहे. म्हणजे एकाच कागदाने, एकाच दिवशी, एकाच पाखरामुळे पती चालता झाला आणि पत्नी अंथरुणावरच राहिली. यातील कोणती बाजू खरी मानली आणि का, हे मला समजून घ्यायचे आहे. चूक दाखवून दिल्यावर विभाग माझे सुधारण्याऐवजी तिचेच पत्र रद्द करील, अशीही भीती वाटते. म्हणून हा परिच्छेद दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला आहे.

७. क्लबचे सचिव श्री. हेडली भले गृहस्थ आहेत. ते घरी येऊन म्हणाले, एक फॉर्म भरा, खुराडे डोरीनच्या नावावर करू, मागचे निकालही दुरुस्त करून देतो, मग तुमच्याविरुद्ध कागदच उरणार नाही. फॉर्म भरून तयार आहे. सही केलेली नाही. त्याचे कारण न्यायाधिकरणासमोर सांगायला मला लाज वाटली, ते येथे सांगतो.

क्लबची निकालपत्रके एकोणीस वर्षे मेव्हिसच टाइप करीत असे. आता ती मला ओळखते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण रविवारी पत्रक हातात दिले की तिचे बोट ओळीओळीने खाली सरकते. आमच्या नावावर आले की थांबते. मग ती म्हणते, जसे ती परसात दाण्यांचा डबा वाजवून म्हणत असे,

उतर गं निळे, उतर घरी,
दाणे डब्यात, पाणी दारी.

आठवडाभरात तिच्या तोंडून निघणारे शब्द एवढेच. एकदा हेडलींनी नमुना म्हणून डोरीनच्या नावाचे पत्रक छापून दिले, ते मी तिला दिले. बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेले. पुन्हा वर आले, पुन्हा खाली गेले. मग तिने पत्रक उलटे करून मागची कोरी बाजूही पाहिली. असे मी पुन्हा करणार नाही असे तिला सांगितले आहे. तिने ऐकले की नाही, माहीत नाही.

डोरीनला नावाचे काही वाटत नाही. ती म्हणते, "माझं नाव बसच्या तिकिटावर कधी नव्हतं, कबुतरावर कशाला हवं?"

तेव्हा माझी स्थिती अशी आहे. नाव ठेवले तर गाडी जाते आणि पत्रक घेऊन तिच्यापर्यंत पोचायला कोणी उरत नाही. नाव काढले तर कदाचित गाडी राहील, मी दोन वाजता तिथे असेन, आणि बोट थांबायला जागा नसेल.

८. आपल्या कार्यालयात दूरध्वनी केला असता एका सौजन्यशील बाईंनी सांगितले की वरच्या न्यायाधिकरणाकडे जायचे असल्यास निर्णयातील चूक दाखवावी लागते. चूक कारणांत असते. कारणे अजून लिहिलेली नाहीत. ती लिहायला काही आठवडे लागतात, आणि तोवर गाडी परत करण्याची तारीख कोणी पुढे ढकलत नाही. मी विचारले, मग मी काय करावे? त्या म्हणाल्या, अर्ज करा. तो हा.

९. तरी विनंती की,
(अ) पन्नास मीटरचा आकडा कशाच्या आधारे धरला हे लिहून कळवावे;
(आ) पान ८७ निर्णयात विचारात घेतले की नाही, याचे उत्तर हो किंवा नाही असे द्यावे. पान ८७ धरलेच नसेल, तर ते नाव जसे आहे तसे मला राहू देता येईल;
(इ) ध्वनिमुद्रणाची प्रत द्यावी;
(ई) हे सर्व ४ नोव्हेंबरपूर्वी व्हावे.

अर्ज मी सांगितला, अक्षर डोरीनचे आहे. सही माझी आहे. ती थरथरलेली दिसली तर तो पुरावा म्हणून वापरू नये, कोणत्याच बाजूने.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,

विल्फ्रेड स्टॉबर्ट
सॉल्टरबर्न, दि. २९ सप्टेंबर

सोबत :
१. निर्णयपत्राची प्रत.
२. पत्नीस पूर्णतः अपंग ठरवल्याचे विभागाचे पत्र.
३. श्रीमती लम्सडन यांचे निवेदन व दिव्याच्या खांबांचा नकाशा. (निवेदनात माझ्या स्वभावाविषयी जे लिहिले आहे ते त्यांच्या आग्रहावरून तसेच ठेवले आहे.)
४. कबुतर क्लबचा नावबदलाचा फॉर्म. भरलेला, सही नसलेला. पान ८७ बाबत आपले उत्तर "हो" असेल तर कृपया त्याच टपालाने परत पाठवावा. पेन तयार ठेवतो.