आधी वरचा स्क्रू

सिस्टर, परवा आम्ही बोटीचं इंजिन हिवाळ्यासाठी बंद करून ठेवलं, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतं आहे. तुम्हाला आश्चर्य वाटेल. शिवणाच्या तासाला सुई बोटात जाईल म्हणून घाबरणारी मुलगी आता साठी ओलांडून इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या घरी गराजमध्ये गुडघे टेकून बसते आणि हातात पाना धरते. पण काम तुमच्या ओळखीचं होतं. मे महिन्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तुम्ही आमच्याकडून वर्गातल्या सगळ्या पायमशिनी निजवून घ्यायच्या. कापसाची धूळ ब्रशने काढायची, भोकाभोकांत तेलाचा थेंब सोडायचा, मग चिंधीवर दोरा न घालता चालवत राहायचं, तेल चिंधीवर यायचं थांबेपर्यंत. शेवटी पट्टा उतरवून ठेवायचा, म्हणजे तो ताणून सैल होत नाही. जूनमध्ये शाळा उघडली की आमच्या मशिनी पहिल्या दिवशी चालायच्या, आणि तुम्ही ते फार आनंदाने सगळ्यांना सांगायच्या.

बोट माझ्या नवऱ्याची. तो नागपूरचा. लहानपणी त्याने पाणी पाहिलं ते तलावाच्या काठावरून, पण इथे येऊन पंचवीस वर्षं झाली आणि त्याला मासेमारीचं वेड लागलं. मासे फारसे मिळत नाहीत. मी एकदा म्हटलं होतं की ह्या बोटीपायी मिळालेला प्रत्येक मासा आपल्याला सोन्याच्या भावात पडला, तर म्हणाला, म्हणून तर तू त्याचा काटासुद्धा वाया घालवत नाहीस. दर नोव्हेंबरला तो बोटीमागचं ते छोटं इंजिन उतरवून गराजमध्ये एका लाकडी घोड्यावर उभं करतो आणि दिवसभर त्याच्याशी खेळतो. आतलं जुनं तेल काढून नवीन भरलं नाही तर त्यात शिरलेलं पाणी थंडीत गोठतं आणि खालचा भाग तडकतो, हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की मला स्तोत्रासारखं पाठ आहे.

यंदा मार्चमध्ये त्याला स्ट्रोक आला. जीव वाचला, पाय चालायला लागले, पण उजव्या हातात जोर नाही आणि बोलताना शब्दांची अदलाबदल होते. मीठ हवं असलं की साखर म्हणतो, काल हवा असतो तिथे उद्या येतो. त्याला ते कळतं कधी, कधी नाही. थेरपीला येते ती मुलगी फार गोड हसते आणि त्याचं वाक्य स्वतःच पुरं करते. मीही तेच करायला लागले होते. मुलगा दूर ॲरिझोनात, चँडलरला असतो. त्याने फोनवर सांगितलं की बोट विकून टाका, बाबांना उगीच त्रास. एक गिऱ्हाइकही त्याने ऑनलाइन शोधलं, रविवारी बघायला येणार होतं. नवऱ्याने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शनिवारी आपल्याच्यानं इंजिन हिवाळ्यासाठी बंद करून झालं तर बोट ठेवू. नाही झालं तर दे विकून." दुकानात नेऊन करून घेऊ, असं मी म्हटलं. त्याने मान हलवून नाही म्हटलं.

म्हणून शनिवारी मी गराजमध्ये. तो खुर्चीत, पायावर शाल, डाव्या हातात टॉर्च. आदल्या दुपारी तो झोपला असताना मी ते काम कसं करतात याचा व्हिडिओ तीनदा बघून घेतला होता. ते त्याला सांगितलं नाही. खालचा स्क्रू काढला, मग वरचा, आणि काळं तेल ताटलीत उतरलं. त्याने टॉर्च धरून बघितलं, दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. खालच्या भोकाला पंप लावून मी नवं तेल भरत गेले, वरच्या भोकातून ते बाहेर आलं, आणि तो म्हणाला, "बस. आता पंप काढ, खालचा लाव. मग वरचा." सिस्टर, हे उलटं होतं. वरचं भोक आधी बंद केलं तर तेल आत धरून राहतं, सरबताच्या नळीच्या वरच्या तोंडावर बोट ठेवल्यासारखं. वरचं उघडं ठेवून खालचा पंप काढला की सगळं तेल जमिनीवर. इतकी वर्षं त्याच्याच हातांनी केलेलं काम, आणि तोंडातून ते उलटं आलं. मी काही बोलले नाही. जणू त्याने तसंच सांगितलं आहे अशा थाटात आधी वरचा स्क्रू बसवला, मग पंप काढून खालचा.

हे गप्प राहणं मी तुमच्या वर्गात शिकले होते. निदान मला तसं वाटत होतं. आठवीचं वर्ष. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे सगळ्या मुलींना ठाऊक होतं, पण कोणी बोलत नसे. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर तुमच्या मशिनीला सुई बसवता आहात, टाके सुटताहेत, तुम्ही पुन्हा दोरा ओवता, पुन्हा टाके सुटतात. मी उभी राहते आणि मोठ्याने म्हणते, सिस्टर, सुई उलटी बसलीय. तुम्ही सुई काढता, बोटाने चपटी बाजू चाचपता, सरळ बसवता आणि मला थँक यू म्हणता. मधल्या सुट्टीत मैत्रिणी माझ्यावर तुटून पडल्या, म्हातारीची लाज काढलीस म्हणून. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला माझ्या बाकावरून उठवून तुमच्या मशिनीशेजारी स्टूलवर बसवलं. "सुई लावली की आधी तू बघायचं," तुम्ही म्हणालात. "चुकली असेल तर सांगायचं. मोठ्याने." मला ती शिक्षा वाटली. त्यातलं मोठ्याने तर खास टोमणा वाटला. मुली मला सिस्टरची चमची म्हणायला लागल्या. दिवाळीनंतर मी शिवण सोडून ड्रॉइंग घेतलं. आणि आयुष्यभरासाठी एक नियम करून टाकला, की ज्याच्या हातातून काही सुटत चाललं आहे त्याला ते दाखवून द्यायचं नाही. आईला विसर पडायला लागला तेव्हा मी तसंच वागले. सगळे म्हणायचे, किती सांभाळून घेते.

गराजमध्ये टॉर्चचा झोत त्या स्क्रूंवरच राहिला. तो म्हणाला, "मी आधी खालचा म्हटलं."

"हं."

"तू वरचा लावला. मी चुकीचं सांगितलं?"

मी हो म्हटलं.

"मग बोलली का नाही?"

तुला वाईट वाटलं असतं, मी म्हटलं. तो शब्द शोधत राहिला, आणि मी पहिल्यांदाच ते त्याला पुरवले नाहीत. "वाईट वाटलंच ना," तो म्हणाला. "तू मुकाट्यानं सगळं करून राहिली, तर मी इथं कशाला बसलो? जातो टीव्हीसमोर. अन् त्या थेरपीवालीसारखी गोड हसू नको. चुकलो की सांग. मग मी इथं आहो."

पुढच्या कामाला मी सांगितलं. स्पार्क प्लग काढून आत तेल फवारायचं होतं, प्लग परत लावताना नवरा हाताने फिरव म्हणाला आणि मी म्हटलं, नाही, तुझं चुकलं, पान्याने घट्ट करायचा असतो. तर तो बरोबर होता. आधी हाताने, पाना नंतर, नाहीतर आटे जातात. त्याचा आनंद तुम्ही बघायला हवा होता. संध्याकाळपर्यंत तो मला मिस्त्रीणबाई म्हणत होता. इंजिनाच्या पंख्याच्या दांड्याला ग्रीस त्याने स्वतः लावलं, डाव्या हाताने, आणि अर्धं शालीला. रात्री मुलाला मी कळवलं की गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग.

तुमच्या त्या स्टूलचा विचार मी दोन दिवस करते आहे. वर्गात चाळीस मुली होत्या. तुमच्यावर माया करणाऱ्या, तुमचं दिसणं कमी झालेलं लपवणाऱ्या. शेजारी घेतलीत ती मात्र तोंडावर बोलणारी. आणि मी उठून गेले. पुढे वर्गात कितीदा सुई उलटी बसली असेल आणि कोणी काही बोललं नसेल.

हे पत्र पाठवण्यासारखं नाही, तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली. पाठवता येत होतं तेव्हा निवृत्त सिस्टर राहतात त्या घराचा पत्ता माझ्याकडे होता. एका मैत्रिणीने दिला होता, तिथे तुम्हाला पत्रं वाचून दाखवतात असंही सांगितलं होतं. मी लिहिलं नाही, कारण एक गोष्ट लिहावी लागली असती. ड्रॉइंग का, असं तुम्ही मला कॉरिडॉरमध्ये थांबवून विचारलं होतंत, आणि मी म्हटलं होतं, घरून सांगितलंय. घरून कोणी काही सांगितलं नव्हतं, सिस्टर.