एकतीस गुडघे

३ फेब्रुवारी, मंगळवार

चौदाशे बारा! एवढे लेख निघाले, आणि तेही फक्त गुडघ्याच्या वाटीवर. वाटी जागेवरून सरकते, निसटते, बसवली तरी पुन्हा निसटते — या एकाच दुखण्यावर. वादळ म्हणाली, "मॅडम, एवढं सगळं वाचायचं?" (वादळ म्हणजे हाडांच्या विभागातली ज्युनिअर डॉक्टर. ग्रंथालयात शिरली की माझ्या टेबलावरचे कागद उडतात, म्हणून मी ठेवलेलं नाव. तिला पत्ता नाही.) म्हटलं, वाचायचं नाही बाई, मोजायचं. कोणत्या वर्षी किती लेख आले, कोणी लिहिले, कोणाच्या लेखाचा संदर्भ पुढे कितीजणांनी दिला. या विषयातलं संशोधन कुठून कुठे गेलं ते दाखवायचं, हा तिचा प्रबंध. तिच्या सरांनी तिला माझ्या गळ्यात बांधली आहे. तक्रार नाही. निवृत्तीला वर्ष उरलं तरी याद्या करण्यातली माझी हौस काही फिटत नाही.

विषय ऐकला तेव्हा टेबलाखाली उजवा पाय आपोआप सरळ झाला. 

५ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर दुबार नोंदी काढल्या. तोच लेख, तीन ठिकाणी, लेखकाचं नाव तीन तऱ्हांनी. डोळ्यांचं पार भजं झालं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तक्ते तयार. वादळ खूश! जुन्या लेखांत सगळा भर हाडावर — हाड कापा, वाटीला खाली धरणारा पट्टा सरकवून दुसरीकडे बसवा. मग आतल्या बाजूचा एक बंध सगळ्यांच्या डोळ्यांत भरला, आणि जो तो त्या बंधावर तुटून पडला. मग वाटीच्या खाचेची खोली. आणि अलीकडे एक नवाच शब्द वर चढलाय — भीती. रुग्णालाच विचारायचं, जिना उतरताना धाकधूक होते का, गर्दीत शिरायला धजता का. "बघा ना मॅडम, आधी हे कुणी विचारतच नव्हतं!"

नव्हतं खरं.

मग तिने सर्वांत जास्त संदर्भ मिळालेल्या जुन्या लेखांची यादी उघडली. तिसऱ्या नंबरावर डॉक्टरकाका, इथले जुने हाडांचे सर्जन! आपल्याच इथे केलेली शस्त्रक्रिया. एकतीस रुग्णांचे एकतीस गुडघे, दहा वर्षांनी चौकशी, एकाचीही वाटी पुन्हा निसटलेली नाही. दोनशे अठरा लेखांनी त्यांची री ओढली आहे. "बाकीच्यांकडे पाचांत एखादी निसटतेच," वादळ म्हणाली, "आणि यांच्याकडे एकही नाही! काय हात असेल!"

त्या एकतिसांतला एक गुडघा माझा. तो निसटतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

लिहूनच टाकते एकदा. सोळा वर्षांची होते. शाळेत जायला घाबरायचे, कारण मधल्या सुट्टीत कुणाचा धक्का लागला की वाटी बाजूला आणि मी जमिनीवर. डॉक्टरकाकांनी गुडघ्याची शस्त्रक्रिया केली, सहा आठवडे प्लास्टर, आणि रोज संध्याकाळी खाटेपाशी खुर्ची ओढून माझ्याकडून बीजगणित करून घेतलं. त्यांच्यामुळे परीक्षा बुडली नाही. त्यांच्यामुळे चालले.

तिसऱ्याच वर्षी वाटी निसटली. मग अधूनमधून. मी स्वतःच बसवायला शिकले.

दहा वर्षांनी त्यांचं छापील कार्ड आलं. "वाटी पुन्हा निसटली का? हो / नाही." तोवर चारदा झालं होतं. मी "नाही"वर खूण केली आणि खाली लिहिलं, "गुडघा छान आहे काका, तुमचे उपकार." ज्यांनी उभं केलं त्यांनाच "तुमचं काम फसलं" असं कार्डावर कळवायचं? जिवावर आलं. मग इथे नोकरी लागली. ते निवृत्त झाले, तरी मंगळवारी आणि शुक्रवारी वाचायला येतातच. "काय म्हणतो आपला गुडघा?" "छान!" इतकी वर्षं हेच. भीड ही भिकेची बहीण, आई म्हणायची. माझी भीड मात्र दोनशे अठरा लेखांत छापून आली आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरकाका आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, पण मान ताठ. वादळाने त्यांना गाठून नंबर सांगितला. "अजून वाचतात का लोक?" एवढंच म्हणाले. शुक्रवारी सत्तावीसला ती सगळ्या विभागापुढे तक्ते मांडणार आहे, त्याच वेळी त्यांचा सत्कार. मग माझ्याकडे वळून — "काय म्हणतो आपला गुडघा?"

"छान!"

आणि वादळ किंचाळलीच. "म्हणजे तुम्ही त्यांच्या पेशंट? आणि इतके दिवस मूग गिळून बसलात? तुम्हालाच उभं करते सत्तावीसला! चालता-बोलता पुरावा!"



२० फेब्रुवारी, शुक्रवार

काका आले नाहीत. सर्दी म्हणे.

वादळाने आणखी एक सांगितलं. वॉर्डात सतरा वर्षांची मुलगी आहे. तिच्यावर हीच शस्त्रक्रिया करायचं घाटतंय, आणि सरांनी तिच्या आईवडिलांना डॉक्टरकाकांचाच आकडा सांगितला. एकतिसांत शून्य.

गुडघ्याचं घरात फक्त ह्यांना माहीत आहे. हे म्हणाले, "चौऱ्याऐंशीचा माणूस. सुखात राहू दे की. आता सांगून काय मिळणार?" मी त्या मुलीचं सांगितलं. तेव्हा म्हणाले, "मग आधी त्यांना एकट्यांना सांग. स्टेजवर नको." हे कधी नव्हे ते शहाण्यासारखं बोलले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं! खिडकीजवळच्या खुर्चीत ते मासिक चाळत होते. समोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं — कार्ड, खूण, चारदा, पुढचंही सगळं. वाटलं होतं, खचतील. त्यांनी मासिक मिटलं.

"एकूण किती वेळा?"

"मोजलं नाही काका. वीसेक."

"शेवटची?"

"दिवाणखान्यात. गालिच्यात पाय अडकला. गेल्या वर्षी."

"पाय पुढे कर." तिथेच, ग्रंथालयात! साडीवरूनच त्यांनी वाटीवर अंगठा ठेवला आणि हलकेच बाहेरच्या बाजूला रेटला. मी झटक्यात त्यांचं मनगट धरलं. धरायचं असं ठरवलं नव्हतं, हातच गेला.

"हं," ते म्हणाले. "दुखलं नाही ना? भ्यायलीस."

मग मला रडूच कोसळलं. त्यांनी रुमाल दिला. "रडतेस काय? निसटतो तो तुझा गुडघा, माझा नाही." आणि थोड्या वेळाने — "शुक्रवारी सगळ्यांपुढे हेच सांगशील? मी बसतो पहिल्या रांगेत."

चहा मागवला त्यांनी. दोघांनी प्यायला. मन इतकं हलकं झालं की घरी चालतच आले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं. कार्डापासून सगळं.  मागून कुणीतरी, "एका केसने काय होतं?" सरांच्या कपाळावर आठ्या. वादळाचं तोंड उघडंच राहिलेलं, बिचारी. सत्कार झाला, काकांनी शाल घेतली आणि म्हणाले, "आज माझा आकडा दुरुस्त झाला, हा खरा सत्कार."

संध्याकाळी वादळ सांगत आली — सरांनी त्या मुलीच्या आईवडिलांना पुन्हा बोलावलंय. सगळं नव्याने समजावून सांगणार. तारीख पुढे ढकलली.

३ मार्च, मंगळवार

सरांनी विचारलं, मोजणीतून काय काय वगळलंत? पूर्ण लेख तेवढे धरायचे, मासिकांत छापलेली, संपादकांना आलेली पत्रं काढायची, असा नियमच आहे. पहिल्याच आठवड्यात मी ती एका फटक्यात काढली होती. एकही न उघडता. आज वादळाने आणि मी ती सत्तेचाळीस पत्रं उघडली. एक डॉक्टरकाकांचं निघालं. बावीस वर्षांपूर्वीचं, जेमतेम अर्धं पान.

"माझ्या एकतीस रुग्णांपैकी एक मी जिथे वाचायला जातो तिथेच काम करते. विचारलं की 'छान' म्हणते. पण खालच्या कप्प्यातलं पुस्तक काढताना ती गुडघा टेकत नाही, कपाट घट्ट धरते. ती माझी भीड धरते. बाकीच्यांनीही धरली असेल. माझा आकडा कृपया कोणी वापरू नये. रुग्णांना त्यांच्या डॉक्टरने नाही, दुसऱ्या कोणीतरी विचारावं."

या पत्राचा संदर्भ देणारे लेख — शून्य.