पुलीचा विसावा दात

अहो,

मामंजींना घेऊन दुपारच्या बसनं बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं निघालेय. मुक्काम तुमच्या आत्यांकडं करू. भात झाकून ठेवलाय.

लाकूडगिरणीची दातेरी पुली कुणाला देऊ नका. लेथशेजारी आहे, हातात घेऊन बघा. मामंजींनी मापाची कागदी पट्टी तिच्यावर उलटी चिकटवली. वीस दातांच्या खुणा आत गेल्या, वर नुसता कोरा कागद. तरी कालपासून ते कानस चालवत होते, एकेक दात अंगठ्यानं चाचपत. एकोणीस झाले आणि विसाव्याच्या जागी दोन दातांएवढा तुकडा उरलाय. रबरी पट्टा तिथं उडेल, कुणाला तरी लागेल.

ते बघून माझ्या हातातला तांब्याच पडला. आवाजासरशी त्यांनी मान वळवली, पण माझ्याकडं नव्हे, भिंतीकडं.

"केशर, भर दुपारी एवढा काळोख कसा गं? पाऊस येतोय व्हय?"

अंगणात डोळे दिपवणारं ऊन होतं. मी म्हटलं, "व्हय मामंजी, ढग आलेत." कधीपासून दडवत होते, देव जाणे.

मागची पुली बिघडली तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "तुमचं आता कामात ध्यानच न्हाई." परत आल्यावर तसलं काही बोलू नका. आत्यांना भेटायला चाललोय, एवढंच त्यांना सांगितलंय.

दारात उभे आहेत. डावी चप्पल उजव्या पायात घातलीय. कशी सांगू त्यांना? पाया पडायचं निमित्त करून मीच बदलते.

केशर