योगेंद्रचं पिवळं कार्ड

कारधा,
दि. १४ जून २०२५

चि. सुगत यास, ताईचा सप्रेम जयभीम.

आम्ही ठीक आहो. आईचे गुडघे तसेच. तू पाठवलेलं मलम संपलं, पण नवं पाठवू नको, तिनं लावायचंच सोडलं. बांधीत धानाचे पऱ्हे टाकायची तयारी चालू आहे. भूपेंद्र आता पळायले जात नाही. त्याचे बूट छपरीत टांगून आहेत, तोबी उतरवत नाही अन् मीबी नाही. तू मामा आहे, त्याले एक फोन करशील, असं लिहिणार होती. पण नको करू.

चिठ्ठी पाहून तुले हसू येईल. काय करू बाबा, फोनवर तू मले बोलूच देत नाही. "ताई, हे फोनवर नको, देशाचं काम आहे," म्हणतो अन् ठेवून देतो.

तुह्या मेडिकल कॉलेजातला माणूस मंगळवारी गाडी घेऊन आला अन् चौकशी समितीले द्यायचा एक कागद ठेवून गेला. टाइप केलेला, खाली माझं नाव, फक्त सही बाकी. "सदर तरुणाने आपण सिकलसेल वाहक असल्याची बाब हेतुपुरस्सर लपवली. आशा सेविका व संशोधक यांना त्याची कोणतीही कल्पना नव्हती." हे वाक्य तुझंच आहे, मी ओळखते. शाळेतबी तू असंच लिहायचा, गुरुजी खूश व्हायचे. त्या माणसाले चहा पाजला अन् म्हटलं, सोमवारी या.

आठवते, मार्चमध्ये विहारात मीटिंग घेतली होती? बाजूले कर्नल साहेब बसले होते. तू म्हणाला, आपल्याकडे सिकलसेल घरोघरी आहे, फौजेतले जवान उन्हात पळता पळता पडतात, कोणाचं रक्त उन्हात कसं वागते हे कळलं तर ते वाचतील. किती सुंदर बोलला रे! आई रडली. पेपरातला तुमचा दोघांचा फोटो मी भिंतीवर चिकटवला. तेव्हा शेजारच्या धुरपताच्या योगेंद्रनं विचारलं, "मामाजी, याचा भरतीत फायदा होईल का?"

तू हसला. म्हणाला, "पाहू."

अरे, "नाही" म्हणायले तुझं काय जात होतं? तुमच्या अभ्यासात पोट्ट्यांले नुसता नंबर देतात, नाव भरतीवाल्यांपर्यंत जातच नाही, हे तुले माहीत होतं. पण "नाही" म्हटलं असतं तर तीस पोट्टे भेटले नसते. अन् मी तर तुह्यापेक्षा पुढं गेली. घरोघरी सांगत फिरली, मिलिटरीवाले स्वतः पाहून राहिले, नाव द्या, पोराचं भलं होईल. मले वाटे, भावाचं नाव होऊन राहिलं.

नियम तुझे चांगले होते. रक्त साफ निघालं त्यांनी पाठीवर पिट्टू घेऊन आठ किलोमीटर पळायचं. वाहक निघाले त्यांनी नुसतं चालायचं, दर किलोमीटरले पाणी, दर किलोमीटरले तपासणी. पण इथं वाहकाचं पिवळं कार्ड कोण दाखवते, सुगत? लग्न जुळत नाही म्हणून मायबाप ते तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवतात. अन् पोट्ट्यांले वाटलं, चालणाऱ्यांच्या यादीत नाव गेलं म्हणजे फौज गेली.

नवतपा होता, मे महिन्यातलं सगळ्यात कडक ऊन. सकाळचे दहा वाजले होते, डांबर चपलेले चिकटत होतं. सातव्या किलोमीटरले योगेंद्र खाली बसला, मांड्यांत ताकदच नाही म्हणे. तुझे डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, सावलीत घ्या. यादीत तो साफ रक्ताचा होता, त्याले दुसरं काही असेल हे त्यांच्या मनात कायले येईल? दोन तास गेले. मग दवाखान्यात नेताना गाडीत मी त्याच्या उशाशी होती. लघवी झाली ती काळ्या चहासारखी. पोट्टा मले विचारते, "काकू, यादीतून नाव तं नाही ना कटलं?"

मी म्हटलं, "नाही बाबू, नाही कटलं."

तिसऱ्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यात त्याचा जीव गेला. एकोणीस वर्षांचा होता.

आता ते लिहिते, जे तुले माहीत आहे पण तुह्या कागदात नाही.

रक्त घ्यायच्या दिवशी रजिस्टर माह्यासमोर होतं. भूपेंद्र आला, रक्त दिलं, गेला. अर्ध्या तासानं टोपी घालून परत आला अन् त्याच खुर्चीवर बसला. रक्त घेणारी पोरगी बाहेरची, तिले काय समजते. मी विचारलं, "नाव?" माह्या पोटचा पोरगा माह्या डोळ्यांत पाहून म्हणाला, "योगेंद्र कवडू गजभिये." अन् मी लिहिलं. दोस्तासाठी करून राहिला, करू दे, म्हटलं. योगेंद्रचं पिवळं कार्ड तीन वर्षांआधी मीच भरलं होतं. मीच त्याच्या घरी नेऊन दिलं होतं. तरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मन खाऊन राहिलं म्हणून तुले फोन केला. सगळं सांगतलं. तू म्हणाला, "ताई, सोमवारी दिल्लीची टीम येऊन राहिली, यादी गेली वर. एका पोट्ट्यानं काय होते? वाहकाले काही होत नसते. चूप राह्य."

मले बरं वाटलं, सुगत. खरं सांगते, बरं वाटलं. डॉक्टर भाऊ म्हणते तं ठीकच असेल, म्हणून मी भात टाकला, जेवली. ते जेवण मले अजून घशात लागते. तुले काही लागते का रे?

तुह्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर मी सगळं माह्या हातानं लिहिलं. रक्त कोणी दिलं, नाव कोणी लिहिलं, फोनवर कोणी ऐकलं. भूपेंद्रले दाखवलं तं म्हणाला, "मम्मी, माझं नाव पह्यले टाक." मग धुरपताकडे जाऊन वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "म्हणजे माह्या पोरानं फसवलं नाही ना?"

मी म्हटलं, "फसवलं, बाई. पण आम्हाले माहीत होतं."

ती आत गेली. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, कार्ड काढलं, पदरानं पुसलं अन् माह्या हातात दिलं. म्हणाली, "जाय आता तू." शेजाराच्या बावीस वर्षांत त्या घरून मले कोणी जाय म्हटलं नव्हतं.

कार्डाची झेरॉक्स सोबत आहे. त्यावरचं अक्षर तू ओळखशील, माझंच आहे. अस्सल कार्ड अन् माझा कागद मी आज पोलीस ठाण्यात दिला, एक प्रत तुह्या कॉलेजच्या समितीले रजिस्टर पोस्टानं पाठवली. सोमवारी गाडी पाठवू नको. भिंतीवरचा फोटो मी काढला नाही. आई रोज त्याच्यासमोर बसते, तिले काय सांगायचं ते तूच येऊन सांग.

पह्यले दर चिठ्ठीत इथं "तुझीच ताई" लिहायची. आज त्या कागदावर केली तीच सही करते.

रत्नमाला सेवकराम मेश्राम
आशा सेविका, कारधा