भूप आणि देशकार यांतला फरक

प्रिय मैथिली,

कालच्या फोननंतर तुला वाटलं असेल, आता ही दोन दिवस फुगून बसेल आणि मग होईल सगळं नीट. कोपरीला बाईंकडे गाणं शिकत होतो तेव्हापासून आपलं तसंच चालत आलंय. या वेळी लिहून पाठवतेय, कारण फोनवर तू हसलीस की मलाही हसावं लागतं आणि म्हणायचं ते राहून जातं.

आधी वर्गाचं सांगते. विशारद परीक्षेच्या शास्त्राची मुलांची तयारी चांगली झाली आहे. तालात खाली कुठे येते, हे विनीतला आता विचारावं लागत नाही. सारखे वाटणारे राग मात्र मी शेवटी ठेवले होते. माझी पद्धत तुला माहीत आहे, आणि तिचा तुला कंटाळा आहे हेही मला माहीत आहे. भूप आणि देशकार, दोन्हींत सूर तेच पाच. फरक मी सांगत नाही. दोन्ही गाऊन घेते आणि कुठे थांबावंसं वाटतं ते मुलांनाच शोधू देते. एकजण गंधारावर थांबतो, दुसरा धैवतावर, मग भांडतात. यात वेळ जातो. दहावीची मुलं, पालकांना बोर्डात मिळणारे वाढीव गुण हवेत. आपण आपल्या हौसेपायी मुलांना वेठीला धरतोय का, असं मी स्वतःलाच विचारत होते. तुलाही विचारलं होतं. तू म्हणालीस, छे गं, तुझ्यासारखं शास्त्र शिकवतंय कोण डोंबिवलीत. त्याच दिवसांत मुलं दर शनिवारी शहाडला तुझ्या घरी तयार उत्तरं पाठ करत होती. मला रियाजाला जातो म्हणून सांगायची. नीलाताईंना वाईट वाटेल, बोलू नका, असं तू त्यांना बजावलं होतंस.

त्याचा राग नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. राग आहे. तो गिळता आला असता, इतकंच.

परवा वर्गात तोंडी परीक्षेचा सराव घेतला. ऋतिकाला भूप आणि देशकारमधला फरक विचारला. ती न अडखळता म्हणाली, "भूप म्हणजे संध्याकाळी बॅग घेऊन घरी आलेला माणूस. देशकार म्हणजे तीच बॅग घेऊन सकाळी घरातून निघालेला." पुढे वादी, संवादी सूर, सगळं बरोबर. शेजारच्या मुलीने तेच म्हटलं. मग तिसऱ्याने. विनीत हसत म्हणाला, "ताई, बॅग विसरली तर अर्धा मार्क कट, मैथिलीताईंनी सांगितलंय." सगळे हसले. मीही हसले असेन बहुतेक.

सौमित्र मला सोडून गेला त्या आठवड्यात तू माझ्याकडे राहायला आली होतीस. ताट वाढून समोर बसायचीस आणि मी जेवल्याशिवाय उठायची नाहीस. रोज ऑफिसला न्यायचा तीच बॅग घेऊन तो गेला, त्यामुळे दुपारपर्यंत मला काही कळलंच नव्हतं, हे मी तुला सांगितलं. आणि खूप रडून झाल्यावर माणूस काहीतरी बोलतो तसं ते भूप-देशकारचं बोलले. तू माझा हात धरलास. आईलाही मी ते कधी सांगितलं नाही.

मी स्वतःशी बराच वाद घातला. बोलून गेलेलं वाक्य माझ्या मालकीचं कसं? तुलना चुकीची नाही, परीक्षक खूशही होतील. परीक्षा पुढच्या रविवारी असताना मुलांना उत्तर बदला म्हणणं मला जमणार नाही. त्यांनी तेच म्हणावं. पण काल मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "अगं, इतकं छान वाक्य, वाया कशाला घालवायचं?" माझा हात धरून बसली होतीस तेव्हाच तू ते बाजूला काढून ठेवत होतीस का? नसशीलही. पण आता तो आठवडा मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने आठवतच नाही.

पत्र आजच का, ते सांगते. आज वर्ग सुटल्यावर ऋतिका मागे थांबली. म्हणाली, "नीलाताई, तो देशकारवाला माणूस संध्याकाळी परत येतो ना? मग तो भूपच झाला की. फरक कुठे राहिला?" प्रश्न चोख आहे मैथिली. उत्तर मला ठाऊक आहे, पण त्या मुलीकडे बघून ते देता येईना. ज्यांनी शिकवलं त्यांनाच विचार, असं म्हणून मी तिला दप्तर आवरायला लावलं. शनिवारी ती तुला विचारेल, सगळ्यांसमोर विचारेल, ती तशीच आहे. तेव्हा तू गडबडशील आणि काहीतरी खरं बोलून जाशील, या भीतीने हे लिहितेय. ते वाक्य कुठून आलं, हे आपल्या दोघींशिवाय कोणाला माहीत नाही. तो परत आला नाही, एवढं मुलांना सांगू नकोस. बाकी काहीही सांग.

इतकी वर्षं तुझीच,
नीला